डेटा एंट्रीचा जॉब किती पगारात परवडतो
अरे, ऑफर लेटरवरचा सीटीसी (कंपनीला तुझ्यावर होणारा एकूण खर्च) बघून लगेच हुरळून जाऊ नकोस, त्यात बहुतेक वेळा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, वरून पीएफसाठी तुझ्या बेसिकचे (मूळ पगाराचे) १२ टक्के कापले जाणार आणि ग्रॉस (कपातीआधीचा महिन्याचा पगार) २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, पाऊण टक्का वेगळा, त्यामुळे हातात किती पडणार ते आधी एचआरला स्पष्ट विचार. त्यातून कॉट बेसिस (शेअर खोलीतल्या एका खाटेचं भाडं), मेस, जाणं-येणं वजा करून निम्मे उरत असतील तर दिवसभर इनव्हॉइसचे आकडे पीडीएफमधून एक्सेलमध्ये टाकायला माझ्या मते काहीच हरकत नाही, संध्याकाळी एमपीएससीचा अभ्यास तरी होतो (रोज टार्गेट वाढवणारा टीएल (टीम लीडर) भेटला तर तेही विसर). नाईट शिफ्ट असेल तर अलाउन्स आणि कॅब लेखी घे, नुसत्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस.