बोर्ड झोपतो, तरी बॅटरी उतरते! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : द्राक्षबागेत मातीचा ओलावा बघायला ईएसपी३२ (वायफाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) चा बोर्ड बसवलाय, २५०० एमएएचचा (मिलिअ‍ॅम्प-तास) एक १८६५० लिथियम-आयन सेल आहे. डीप स्लीप (चिपची गाढ झोप) टाकलंय, तासातून एकदा जागा होऊन रीडिंग पाठवतो, तरी आठ-दहा दिवसांत सेल बसतो. सेल डुप्लिकेट असेल का? की मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकून सेन्सर बंद करू? – एक वाचक, निफाड

उत्तर : सेलवर एवढ्यात संशय नको, आधी हिशोब करू. चिप झोपली की १० मायक्रोअ‍ॅम्पच्या आसपास घेते, हे खरं, पण बोर्डवर ती एकटी थोडीच असते! साध्या बोर्डांवर बहुतेक एएमएस१११७ रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज ३.३ वर आणून स्थिर ठेवणारा भाग) असतो, तो नुसता बसल्याबसल्या ५ मिलिअ‍ॅम्प खातो, त्यात तुमचा कपॅसिटिव्ह सेन्सर साधारण तेवढेच, वर तो लाल एलईडी. १० मिलिअ‍ॅम्प धरले तरी २५०० भागिले १०, म्हणजे २५० तास, झाले की तुमचे दहा दिवस! शिवाय या रेग्युलेटरला इनपुट आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतं, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो ३.३ देऊच शकत नाही आणि वायफाय चालू झालं की बोर्ड रिसेट होतो.

म्हणून बोर्डाऐवजी ईएसपी३२ चं सुटं मॉड्यूल घ्या, त्याला एचटी७८३३ सारखा काही मायक्रोअ‍ॅम्पवर भागणारा रेग्युलेटर आणि शेजारी मोठा कपॅसिटर लावा.

मॉस्फेट टाकाच, पण पी-चॅनेल प्रकारचा आणि प्लसच्या बाजूला. मायनस तोडला तर करंट डेटाच्या वायरीतून चोरवाट काढतो आणि सेन्सर अर्धवट चालूच राहतो. दुकानात आयआरएफ९५४० हातात देतील, तो नको, इतक्या कमी व्होल्टेजला तो नीट ऑन होत नाही, एओ३४०१ मागा. त्याचं सोर्स हे टोक ३.३ च्या लाइनला जोडा, थेट सेलला नाही, कारण भरलेला सेल ४.२ चा आणि चिपची पिन देणार ३.३, मग मॉस्फेट पूर्ण बंद होईलच असं नाही. गेट (चिपच्या पिनला जोडलेलं, मॉस्फेट चालू-बंद करणारं टोक) आणि सोर्समध्ये १०० के चा रेझिस्टर हवाच, झोपेत पिन तरंगते (धड ऑन नाही, धड ऑफ नाही) ना.

आणि हो, बॅटरी व्होल्टेज मोजायला १० के चे दोन रेझिस्टर लावले असतील तर तेच २०० मायक्रोअ‍ॅम्प खातात, चिपच्या वीसपट! १ मेगाचे लावा, मधल्या टोकाला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर.

झोपेतला करंट मोजताना मल्टीमीटर मायक्रोअ‍ॅम्प रेंजवर ठेवून बोर्ड सुरू केला तर तो रिसेटच होत राहील, म्हणून मीटरची दोन टोकं वायरीने जोडून ठेवा आणि बोर्ड झोपला की मगच वायर काढा.

प्रश्न : चार्जिंगचा टॉर्च वर्षभर कपाटात बंद होता, आता चार्जच होत नाही. सेलला बाहेरून झटका देऊन उठवू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नको. पुश बटणवाल्या टॉर्चमध्ये 'बंद' म्हणजे आतलं सर्किट बटणाची वाट बघत जागंच असतं. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळतं आणि नंतर चार्ज करताना शॉर्टचा धोका असतो. सेल २ व्होल्टच्या खाली असेल किंवा फुगला असेल तर ई-कचऱ्यात द्या, नवीन टाका. पुढच्या वेळी निम्मा चार्ज ठेवून कपाटात ठेवा, सेल निघत असेल तर काढून.