बीटलचं ऑइल गळतंय म्हणून एफडी मोडायची का?

एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, थोडक्यात सांगतो. वडिलांची 70च्या दशकातली फोक्सवॅगन बीटल आहे, मागे 1600 सीसीचं इंजिन, आठवड्यातून एकदा बाहेर काढतात. गेले काही महिने गाडी उभी केली की खाली ऑइलचे थेंब पडतायत. मेकॅनिक म्हणाला मेन सील (क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, जिथून गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलंय, आणि इंजिन उतरवायचंच आहे तर पूर्णच बांधून घेऊ, सारखं सारखं कशाला खोलायचं. त्याने सांगितलेला आकडा यांच्या घराच्या पाच महिन्यांच्या खर्चाएवढा आहे. हाताशी सात महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी आहे, ती अडीअडचणीसाठी म्हणून ठेवलेली. आता ती मोडू, की पर्सनल लोन काढू, की नुसतं सील बदलून गप्प बसू? आणि शेवटी एक वाक्य, "इंजिन नवं झालं की गाडीची किंमतही वाढेलच ना."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण तुमचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे. किंमत थोडी वाढेल, पण घातलेला पैसा परत येईल असं धरू नका. घेणारा बॉडी बघतो, गंज बघतो, कागद बघतो, इंजिन चालतंय एवढं त्याला पुरतं. शिवाय तुम्ही ही गाडी विकणार नाही आहात, मेलमध्ये तुम्हीच दोनदा लिहिलंय. मग हा हौसेचा खर्च आहे, गुंतवणूक नाही, आणि हौसेत काही वाईट नाही, फक्त ती हौसेच्या पैशातून व्हावी, आजारपण किंवा नोकरी गेली तर लागणाऱ्या पैशातून नको.

आता गाडीकडे येऊ, कारण मला वाटतं पाच महिन्यांचा खर्च ठरवायच्या आधी तुम्ही एक दिवस गॅरेजमध्ये नीट घालवलेला नाही. ऑइल गळणं आणि इंजिन झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बिलात मात्र त्या एकत्र येतात. बीटलचं इंजिन बघा, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड नावाच्या दांड्यांच्या आठ नळ्या असतात आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सील, म्हणजे सोळा सीलं इथेच झाली, त्यातलं एखादं कडक झालं तरी गाडीखाली डाग दिसतो. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आहे, ऑइल कूलरची सीलं आहेत, खाली ऑइल गाळायच्या जाळीची प्लेट आहे. आणि इंजिन-गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब पडत असेल तर ते इंजिनचं ऑइल असेल किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल, बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. याला काहीही पैसे लागत नाहीत!

एक स्वच्छ पुठ्ठा घ्या, रात्री गाडीखाली सरकवा, त्यावर चाकांच्या जागा आणि पुढची बाजू पेनने खुणा करून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. त्याआधी इंजिन खालून धुऊन पुसून घ्या नाहीतर चालताना हवेने मागे पसरलेलं जुनं ऑइल सगळीकडून गळतंय असंच वाटणार.

मी हे एवढं सांगतोय कारण मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. माझ्याकडे एक जुनी गाडी होती (बीटल नव्हे), मागचं सील एकदा बदललं, तीन महिन्यात परत गळायला लागलं, दुसऱ्यांदा बदललं, परत तेच, दोन्ही वेळा गिअरबॉक्स खाली आणि मजुरी पूर्ण. तिसऱ्या माणसाने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, आतून फुसफुस हवा येत होती, ब्रीदरचा पाइप (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा) काजळीने गच्च बंद. क्रँककेसमधलं, म्हणजे क्रँकशाफ्ट बसतो त्या पेटीतलं, प्रेशर दुसरीकडून कुठून जाणार, सीलमधूनच ऑइल ढकलत होतं. पाइप साफ झाला, गळती थांबली. दोन वेळची मजुरी मात्र गेली ती गेलीच.

बीटलमध्ये यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, क्रँकचा एंड प्ले. क्रँकशाफ्ट पुढेमागे किती हलतो ते. तो साधारण 0.07 ते 0.13 मिमी असायला पाहिजे, 0.15च्या वर गेला तर झीज झाली समजायचं, आणि असा क्रँक हलत असताना नवं सील बसवलं तर ते पण लवकर जाणार. मागची पुली धरून ओढा आणि ढकला, टक टक असा स्पष्ट खेळ जाणवला तर डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) मोजून घ्या. एंड प्ले फ्लायव्हीलमागच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकामागच्या) तीन शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, अ‍ॅडजस्ट होतो, पण बेअरिंग ज्या क्रँककेसमध्ये बसतं ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते आणि बेअरिंग आत हलून जागाच ढिली झाली असेल तर शिम काही करणार नाही, केस लाइन बोअर करून (बेअरिंगच्या जागा एका रेषेत कोरून मोठ्या करून) ओव्हरसाइज बेअरिंग टाकावे लागतात. तिथे मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, इंजिन बांधावंच लागेल. बाकी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडर किती दाब तयार करतो ते) आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते) करा. सिलेंडर आडवे असल्यामुळे ऑइल टाकून घेतलेली ओली कॉम्प्रेशन टेस्ट इथे फसवते, ऑइल खालच्या बाजूलाच साचतं, म्हणून लीकडाउन घ्याच. निळा धूर येतो का, ऑइल गरम झाल्यावर प्रेशरचा लाल दिवा आयडलवर लुकलुकतो का, हे पण लिहून ठेवा.

आता पैशाचं. सगळं ठीक आलं आणि फक्त सील असेल तर ऑइल सीलची स्वतःची किंमत किरकोळ असते, खरा खर्च इंजिन उतरवून चढवायच्या मजुरीचा. बीटलचं इंजिन चार नट-बोल्टवर गिअरबॉक्सला धरलेलं असतं, उतरवणं तुलनेने सोपं, पण फ्लायव्हीलचा मोठा नट सुमारे 340 न्यूटन-मीटरला आवळावा लागतो, ते घरी करायचं काम नाही. त्याचवेळी क्लच प्लेट बघून घ्या, गिअरबॉक्सचं इनपुट सील बदला, पुशरॉडच्या नळ्यांची सीलंही बघा. "उतरवलंच आहे तर" हे वाक्य इथपर्यंत योग्य आहे. त्याच्या पुढे क्रँक, पिस्टन, हेड असं जात राहिलं की तेच वाक्य महागडं होतं.

सीलचं काम तुम्ही पगारातून दोन-तीन महिन्यांत बसवू शकाल, एफडीला हात न लावता. तोपर्यंत दर आठवड्याला डिपस्टिक बघा, या इंजिनात ऑइलच जेमतेम अडीच लिटर असतं, त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तरी खूप असतं. आणि ऑइल क्लचवर गेलं तर क्लच घसरायला लागेल, हीट एक्स्चेंजरवर (एक्झॉस्टच्या उष्णतेने हीटरची हवा तापवणाऱ्या भागावर) पडलं तर हीटर लावल्यावर आत जळका वास येईल, असं काही दिसलं तर थांबू नका.

पूर्ण बांधायची वेळ आली तरी एफडी मोडून नको. पाच महिन्यांचा खर्च गेला की हाती दोन महिने उरतात आणि एवढ्यावर तुमचं घर चालवायचं म्हणजे पहिल्या अडचणीलाच कर्ज. लोनही नको, 14 टक्क्यांनी 3 वर्षांचं घेतलं तर 100 चे साधारण 123 परत द्यावे लागतात, म्हणजे काम जवळपास चौथ्या हिश्श्याने महाग. त्याऐवजी वेगळं खातं उघडा, दर महिन्याला घरखर्चाच्या पाव भागाएवढी रक्कम त्यात टाका, वीस महिन्यांत पाच महिने जमतात. गाडी तेवढी थांबू शकते, घरातला कोणी तिच्यावर कामाला जात नाही. झीज जास्तच निघाली तर झाकून उभी करा, चालवून केस अजून खराब करण्यापेक्षा ते बरं.

मेकॅनिककडून एकच आकडा घेऊ नका. आधी फक्त उतरवणं, खोलणं आणि मोजणं याचा वेगळा दर ठरवा, मोजमापं कागदावर लिहून मागा, मग तिथे थांबायचं की पुढे जायचं हे तुम्ही ठरवणार असं आधीच बोलून घ्या. इंजिन खोलल्यावर काय निघेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सांगितलेल्या आकड्यावर मी स्वतः एक तृतीयांश वर धरून चालतो. बदललेले जुने भाग परत मागा. याला जो मेकॅनिक नाराज होईल त्याच्याकडे इंजिन सोपवायची घाई करू नका.

पुठ्ठ्याचा फोटो, एंड प्लेचा आकडा आणि चारही सिलेंडरची लीकडाउन टेस्ट, एवढं हाती आलं की परत लिहा, मग आकडे टाकून दर महिन्याला किती बाजूला टाकायचं ते ठरवू.