पुतण्याला ‘गिग’ मिळाली म्हणजे नोकरी लागली का?

तुमचा पुतण्या बंगळुरूला गिटार वाजवतो, त्याने घरच्या ग्रुपवर ‘गॉट अ गिग’ एवढंच टाकलं आणि घरात पेढ्यांची चर्चा सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. पेढे हवे तर आणा, पण नोकरी लागलेली नाही. त्याला एक कार्यक्रम मिळालाय. ठरल्या दिवशी जायचं, वाजवायचं, ठरलेले पैसे घ्यायचे आणि घरी यायचं. पुन्हा बोलावणं आलं तर ती दुसरी गिग.

मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला. आमच्यात कुणी गिग म्हणत नसे, आम्ही ‘सुपारी’ म्हणायचो. “शनिवारी सुपारी आहे का रे?” असा फोन आला की डायरी उघडायची. हा शब्द तमाशावाल्यांचाही आहे. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी जत्रेसाठी तिथे येतात, घासाघीस होते, इसार दिला जातो आणि सुपारी ठरते. विडा-सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, ही आपली जुनी रीत. पुढे गुन्हेगारी जगाने हा शब्द उचलला आणि चारचौघांत तो उच्चारायची चोरी झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. गिग या शब्दाचा जुना अर्थ मराठीत इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही.

तिकडेही तो वादकांचाच शब्द. अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या बोलीत १९२०च्या दशकात तो रुळलेला होता. एका रात्रीचं वाजवणं म्हणजे गिग. त्याच अक्षरांचा एक फार जुना शब्द दोन चाकांच्या, एका घोड्याच्या हलक्या गाडीसाठी होता, पण त्याचा आणि याचा संबंध जोडून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवर विसंबू नका. गिगाबाइटमधला ‘गिगा’ तर पूर्ण वेगळा, तो राक्षस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. उच्चारात दोन्ही ‘ग’ ग-गवताचे. ‘जिग’ म्हणालात तर अर्थच बदलतो.

वापरताना एक घोटाळा हमखास होतो. ‘आय हॅव अ गिग टुनाइट’ हे वादक म्हणतो, तेव्हा ते त्याचं काम असतं. ‘आय वेंट टू अ गिग’ हे श्रोता म्हणतो, आणि ब्रिटनमध्ये तर सर्रास म्हणतात, तेव्हा तो गाणं ऐकायला गेलेला असतो. शिवाय सलगीच्या बोलण्यात बऱ्या नोकरीलाही ‘नाइस गिग’ म्हणतात. फाइव्हरसारख्या संकेतस्थळावर तर तुम्ही विकायला मांडलेल्या सेवेलाच गिग म्हणतात. मात्र अर्जात, बायोडेटात हा शब्द लिहू नये. तिथे ‘फ्रीलान्स’ किंवा ‘अल्पमुदतीचं काम’ लिहावं. गिग हा मित्रांमधला शब्द आहे.

निदान होता. टीना ब्राउन या संपादिकेने २००९ साली मंदीच्या दिवसांत ‘गिग इकॉनॉमी’ या नावाचा लेख लिहिला आणि तो शब्दप्रयोग सर्वदूर पसरला. आज आपल्या वर्तमानपत्रांत ‘गिग कामगार’ म्हणजे ॲपवरून मागवलेलं जेवण पोचवणारी, ॲपवर टॅक्सी चालवणारी मुलं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या कामगाराची व्याख्याच आहे: मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करून कमावणारा. नीती आयोगाने २०२२च्या अहवालात असे ७७ लाख लोक २०२०-२१ मध्ये असल्याचा अंदाज दिला होता, आणि २०२९-३० पर्यंत तो आकडा २.३५ कोटींवर जाईल असंही म्हटलं होतं.

इथे मला मनापासून खटकतं. माझी सुपारी एका रात्रीची होती. दर मी सांगायचो, नको असेल तर नाही म्हणायचो. एकदा कोकणात ऐन कार्यक्रमाच्या वेळी पाऊस कोसळला, आयोजकांनी हात वर केले आणि आम्ही स्वतःच्या पैशाने परतलो. ती जोखीम मला ठाऊक होती. पण जो मुलगा आठवड्याचे सहा-सात दिवस, दहा-दहा तास एकाच ॲपसाठी धावतो आणि ज्याचा दर ॲप ठरवतं, त्याच्या कामाला एका रात्रीच्या मैफलीचं नाव का द्यावं? आपल्याकडे रोजंदारी आहे, उक्तं काम आहे, खाडा झाला की पैसे कापले जाणं आहे. या शब्दांत कष्ट दिसतात, गिगमध्ये ते झाकले जातात. या गिग कामगारांसाठी ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत भरावी, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. ती रक्कम त्यांच्यापर्यंत पोचायलाच हवी.

तुमच्या पुतण्याची गोष्ट मात्र अस्सल जुन्या अर्थाची दिसते. त्याला ‘कुठल्या कंपनीत?’ असं विचारू नका, तो बिचारा गोंधळेल. कार्यक्रम कधी आहे, बिदागी किती ठरली आणि इसार घेतलास का, एवढं विचारा. इसार घेतला नसेल तर आजच मागायला सांगा.