ध्रुव खरंच हलत नाही का? वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून आकाश मोकळं झालं की माझ्याकडे ध्रुवाचे प्रश्न सुरू होतात. दर वर्षी तेच. म्हणून एकदाच लिहितो.

ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा ना? (सदाशिव पेठ)

नाही. तो मान व्याधाचा. ध्रुवाचा नंबर पन्नासच्या आसपास.

गच्चीवरून ध्रुव सापडत नाही. (कात्रज)

तुम्ही फार वर बघताय. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ तुमच्या गावाचे अक्षांश. पुण्यात साडेअठरा अंश. हात ताठ धरला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. उत्तरेला दोन मुठी मोजा आणि किंचित खाली या. पण कात्रजहून उत्तरेला बघायचं म्हणजे मध्ये अख्खं पुणे आणि त्याचा उजेड. शहर ओलांडून उत्तरेला जा. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा शर्मिष्ठा या M आकाराच्या तारकासमूहावरून शोधा. उन्हाळ्यात सप्तर्षींतल्या पुलह ताऱ्याकडून क्रतू ताऱ्याकडे जाणारी रेषा पाचपट वाढवा. तरीही चुकलात तर जाणत्या माणसाला सोबत न्या.

लग्नात गुरुजींनी दुपारी साडेबाराला ध्रुव दाखवला. तो दिसतो का? (नवी पेठ)

तुम्हाला दिसला असेल तर कळवा. हा विधी सूर्यास्तानंतरचा. हॉल संध्याकाळपर्यंत परवडत नाही, हा ध्रुवाचा दोष नाही.

सगळे तारे फिरतात, मग ध्रुवच अढळ कसा? त्याच्यात काय विशेष आहे? (कोथरूड, इयत्ता नववी)

त्याच्यात काहीही नाही! हेच मला सांगायचं असतं आणि हेच कुणाला ऐकायचं नसतं. मांडवात मैत्रिणीबरोबर फुगडी घाल आणि मान वर कर. बरोबर डोक्यावरचा दिवा जागच्या जागी राहील, बाजूच्या दिव्यांची चक्रं होतील. डोक्यावरच्या दिव्याने काही तप केलेलं नसतं, फिरतेस तू. पृथ्वीचा आस उत्तरेला वाढवला तर तो आकाशात जिथे टेकतो, त्या बिंदूजवळ योगायोगाने हा तारा आहे. पृथ्वी सूर्याभोवती ३० कोटी किलोमीटर रुंदीच्या कक्षेत फिरते, तरी तो सरकलेला दिसत नाही, कारण तो ४०० हून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे.

शिवाय ‘जवळ’ म्हणजे बरोबर तिथे नव्हे. तो त्या बिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे. म्हणजे अढळ म्हणवणारा ध्रुवही रोज एक छोटं वर्तुळ काढतो. त्याच्या रुंदीत पौर्णिमेचे अडीच चंद्र मावतील. विश्वास नको ठेवूस, कॅमेरा स्टँडवर लाव आणि तीन तास फोटो घे. इतर ताऱ्यांच्या लांब कमानी उमटतील, ध्रुवाचीही इवलीशी उमटेल.

आणि हे पद कायमचंही नाही. भोवरा मंदावताना डोलतो तसा पृथ्वीचा आस डोलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहत होते तेव्हा ध्रुवपदाजवळ ठुबान नावाचा तारा होता. आणखी १२ हजार वर्षांनी अभिजित ताऱ्याची पाळी, तीही बऱ्याच अंतरावरून. आपला ध्रुव अजून जवळच येतोय. २१०० च्या सुमारास सर्वांत जवळ असेल, मग दूर जाईल. शाळेच्या भूगोलाच्या बाईंना हे जरूर विचार, नुसतं माझं ऐकू नकोस.

ध्रुवाशेजारच्या ताऱ्याला नातवाचं नाव देणारं प्रमाणपत्र मिळतं. घेऊ का? (औंध)

नको. ताऱ्यांची नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. तुम्हाला मिळतो तो फ्रेम केलेला कागद.

‘६७५ पट’ लिहिलेली ६० मिमीची दुर्बीण दोन वर्षांपूर्वी घेतली, कपाटातच आहे. आता ध्रुवावर लावायची म्हणतो. (हडपसर)

दोन वर्षं! पुण्याचे दोन पावसाळे कपाटात, म्हणजे भिंगावर बुरशी आधी बघा. आणि तो ६७५ चा आकडा खोक्यापुरताच. भिंगाचा व्यास मिमीत घ्या, दुप्पट करा, तेवढीच उपयोगी मोठवण. तुमच्याकडे १२० पट. स्टँड विषुववृत्तीय (पृथ्वीच्या आसाला समांतर लावता येणारा आस असलेला) असेल तर त्याचा आस साडेअठरा अंशांवर कलवून ध्रुवाकडे धरायचा, मग एकाच आसावर फिरवून तारा पकडून ठेवता येतो. साधा असेल तर हा खटाटोप करू नका. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका. स्वतः खोलून भिंगं पुसूही नका. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. तिथल्या मंडळींना आधी दुर्बीण दाखवा. या आठवड्यातच.