शनिवारचा नृत्यगट आणि पुढची वाट

प्रिय विद्यार्थिनी,

मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू दर शनिवारी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या नृत्यगटात मदतीला जातेस. हेच काम पुढे करावंसं वाटतं, पण बाबा म्हणतात, "ही समाजसेवा झाली, नोकरी नव्हे." कोणता कोर्स करू, असं तू विचारलं आहेस.

बाबांची काळजी रास्त आहे. पण त्यांना एक गोष्ट जरूर सांग. डाउन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शाळा, थेरपी असं काही ना काही मिळतं. शाळा संपली की सोबतीही पांगतात आणि पुढची कित्येक वर्षं संध्याकाळ घरातच जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात विरंगुळा आणि खेळ यांतल्या सहभागासाठी ३० वं कलम आहे. १९६८ मध्ये शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्सच्या, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या, पहिल्या स्पर्धा झाल्या. तिथे खेळाडूंचे गट वय आणि कौशल्य बघून पाडतात, म्हणून सामना बरोबरीच्यांशी होतो. असे कार्यक्रम चालवायला प्रशिक्षक, समन्वयक, कला आणि क्रीडा शिक्षक लागतात, आणि तेही शिकलेले.

आता कोर्स. अमेरिका आणि कॅनडात थेरप्युटिक रिक्रिएशन (खेळ, कला, विरंगुळा यांतून उपचार) हा वेगळा पदवी अभ्यासक्रम आहे. बाकी ठिकाणी विशेष शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार), समाजकार्य किंवा शारीरिक शिक्षणातून या कामाकडे येता येतं. तुझ्या मानसशास्त्राला विशेष शिक्षण किंवा समाजकार्याची जोड मला सर्वांत योग्य वाटते. विशेष शिक्षणात एकेक कृती छोट्या पायऱ्यांत फोडायला शिकवतात. समाजकार्यात कुटुंबं आणि निधी सांभाळायला. ऑक्युपेशनल थेरपीला बहुतेक ठिकाणी मुळापासून वेगळी पदवी लागते, ते ध्यानात ठेव.

पण पदवीपेक्षा मला तुझ्या शनिवारांबद्दल जास्त विचारायचं आहे. आज कोणत्या गाण्यावर नाचायचं, हे कोण ठरवतं? दोन गाण्यांची चित्रं समोर धर आणि थांब. उत्तर यायला दहा सेकंद लागतील, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ गप्प राहणं फार जड जातं. चांगली चांगली माणसं इथे घाई करतात आणि स्वतःच एक चित्र उचलतात. एखादा कानावर हात ठेवून कोपऱ्यात गेला, तर त्याला ओढून आणण्याआधी स्पीकरचा आवाज कमी करून बघ. आणि तिशीतल्या माणसांना बालगीतांवर नाचवत असतील, तर त्याबद्दल नम्रपणे पण नक्की बोल. प्रौढांना प्रौढांसारखंच वागवायला हवं, इथे मी तडजोड मानत नाही.

प्रथमोपचार शिकून घे, त्यात फिट आल्यावर काय करायचं हे आलंच पाहिजे. अन्न भरवणं, स्वच्छतागृहात मदत करणं, हेही या कामात येतं. त्याचा संकोच वाटतो का, हे आत्ताच कळलेलं बरं. पगार सुरुवातीला बेताचा असतो. बरेच कार्यक्रम देणग्या आणि अनुदानावर चालतात, म्हणून प्रस्ताव आणि हिशेब लिहिता येणाऱ्याची वाढ लवकर होते.

पुढचे सहा महिने नृत्यगटाखेरीज एखाद्या क्रीडा गटातही जा आणि दर आठवड्याला थोडी नोंद ठेव: कोणी काय निवडलं, कोणाची कोणाशी मैत्री झाली. ही वही प्रवेशाच्या मुलाखतीत कामी येईल. बाबांना एखाद्या शनिवारी सोबत ने, आणि तिथल्या समन्वयकांशी पगार, बढती यांबद्दल त्यांनाच थेट बोलू दे.

तुझी समुपदेशक