स्थलांतरितांबद्दल लोकांचे मत नेमके कशावरून ठरते?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बाहेरून येणाऱ्या लोकांना होणारा विरोध मुख्यतः नोकरी आणि पगार गमावण्याच्या भीतीतून येतो का, हा पहिला. आणि लोकांपुढे खरी आकडेवारी ठेवली तर तो विरोध मावळेल का, हा दुसरा. मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवते आणि माझ्या वर्गात हा विषय दरवर्षी निघतो, कारण बरीचशी मुले बाहेरगावाहून शिकायला आलेली असतात आणि पुण्यातल्या मुलांपैकी अनेकांची भावंडे परदेशी गेलेली असतात. पहिल्या भागाला माझे उत्तर ‘काही अंशी’ असे आहे, आणि दुसऱ्याला ‘फारसा नाही’ असे.

नोकरीची भीती हेच मुख्य कारण असते, तर अभियंत्याने बाहेरून येणाऱ्या अभियंत्याला विरोध केला असता आणि मजुराने मजुराला. येन्स हाइनम्यूलर आणि मायकेल हिस्कॉक्स या संशोधकांनी अमेरिकेत हे तपासून पाहिले. त्यांनी उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींना उच्च कौशल्याच्या स्थलांतरितांविषयी आणि काहींना कमी कौशल्याच्या स्थलांतरितांविषयी विचारले. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की कमी शिकलेले आणि जास्त शिकलेले, दोघेही उच्च कौशल्याच्या स्थलांतरितांनाच पसंती देतात. म्हणजे उच्चशिक्षित माणूस स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला अधिक सहज स्वीकारतो. याच हाइनम्यूलर यांनी डॅनियल हॉपकिन्स यांच्यासह २०१४ मध्ये या विषयावरील शंभराच्या आसपास अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातही व्यक्तीच्या स्वतःच्या आर्थिक स्थितीचा तिच्या मताशी संबंध कमजोर दिसला. ‘आपल्या देशाचे, आपल्या समाजाचे, आपल्या भाषेचे काय होईल’ ही चिंता त्याहून पुष्कळ बलवान ठरली.

मायामी शहराचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. १९८० मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख लोक अवघ्या काही महिन्यांत अमेरिकेत उतरले आणि मायामीतील कामगारांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० च्या अभ्यासात दाखवले, की स्थानिक कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर याचा जवळजवळ परिणाम झाला नाही. या निष्कर्षावर अर्थतज्ज्ञांमध्ये पुढे मोठा वाद झाला, पण माझा मुद्दा निराळा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील मतदारांनी, स्थानिक कारभारात इंग्रजीखेरीज अन्य भाषेसाठी सरकारी पैसा वापरण्यास मनाई करणारा नियम मंजूर केला. मजुरीचा हिशेब कोणी मांडण्याच्या कितीतरी आधी लोकांनी भाषेवर मतदान केले होते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही मी ‘काही अंशी’ म्हणते, याला कारण आहे. निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी मुंबईत, प्रातिनिधिक नमुना घेऊन आणि लोकांना प्रत्यक्ष भेटून, असाच एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मात्र लोकांचे स्वतःचे भौतिक हितसंबंधच मध्यवर्ती असल्याचे दिसले. बहुसंख्य समाजातील उत्तरदात्यांनी येणाऱ्याच्या सामाजिक ओळखीला फारसे महत्त्व दिले नाही. अल्पसंख्य समाजातील लोकांचे गणित वेगळे होते. आपल्याच समाजाची माणसे शहरात आली तर संख्याबळ वाढते आणि त्यातून सुरक्षितता मिळते, हा विचार त्यांच्या मतात आर्थिक भीतीच्या आड येत होता. अमेरिकेतील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावणाऱ्यांनी हा अभ्यास नजरेआड करू नये. माझ्या मते आपल्या शहरांत ‘हितसंबंध’ या शब्दाखाली नोकरीपेक्षा घरभाडे, पाणी, रस्ता आणि लोकलमधील जागा या गोष्टी अधिक येतात, आणि त्यांचा चटका नोकरी पक्की असणाऱ्यालाही बसतो.

पुण्यात हे रोज दिसते. हिंजवडीत काम करणाऱ्या मराठी अभियंत्याची बढतीसाठीची खरी स्पर्धा हैदराबाद किंवा लखनौहून आलेल्या सहकाऱ्याशी असते, पण माझ्या पाहण्यात त्याचा राग त्या सहकाऱ्यावर क्वचितच निघतो. तो निघतो पदपथावरच्या हातगाडीवाल्यावर किंवा शेजारच्या बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांवर, ज्यांच्याशी त्याची कसलीच स्पर्धा नाही आणि ज्यांनी त्याचे घर बांधलेले असते. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. या गावांच्या मोठ्या भागात इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिनी नंतर यायची राहिली. उन्हाळ्यात टँकरच्या पैशांवरून सोसायटीची सभा तापते, तेव्हा बांधकाम परवाना कोणी दिला, पाण्याचे नियोजन कोणी करायचे होते, हे प्रश्न मागे पडतात आणि ‘बाहेरचे लोक फार झाले’ हे वाक्य पुढे येते. नियोजनातल्या अपयशाला चेहरा नसतो आणि स्थलांतरिताला तो असतो. मला हा या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

‘बाहेरचा’ कोण, हेही वाटते तितके स्पष्ट नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक होती. त्यांपैकी बहुसंख्य लोक आपल्याच राज्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेले होते, आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रिया हा त्यांतला सर्वांत मोठा गट होता. त्यांना कोणी स्थलांतरित म्हणत नाही. उलट, स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बीड, लातूर, परभणीहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, मराठीच बोलणारी मुले पुष्कळ जुन्या पुणेकरांना परकी वाटतात. त्यांच्या बोलण्याची ढब, मेसच्या दारातली गर्दी, अभ्यासिकेबाहेर लावलेल्या दुचाकी यांवरच्या तक्रारी मी ऐकत आले आहे, आणि वाक्यातले गाव बदलले तर त्या परप्रांतीयांविषयीच्या तक्रारींहून वेगळ्या उरत नाहीत. भाषा आणि धर्म एक असूनही हे घडते, याचा अर्थ वर्ग आणि राहणीमान यांचा वाटा आपण मानतो त्याहून मोठा आहे.

संख्येपेक्षा बदलाचा वेग महत्त्वाचा असतो, ही गोष्ट अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमतात, जिथे परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे त्या लंडनने युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिले. बाहेर पडण्याच्या बाजूने सर्वाधिक, सुमारे ७५ टक्के मते पडली ती लिंकनशायरमधील बॉस्टन या लहान गावाच्या परिसरात, जिथे २००४ नंतर पूर्व युरोपातून शेतीकामासाठी माणसे फार झपाट्याने आली होती. कॅनडाचा अनुभव तर अगदी ताजा आहे. तो देश स्थलांतरितांचे स्वागत करण्यासाठी ओळखला जात असे. एन्व्हायरॉनिक्स या संस्थेच्या पाहणीत ‘देशात स्थलांतर प्रमाणाबाहेर होत आहे’ असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये २७ टक्के होते; २०२४ मध्ये ते ५८ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात कॅनडाची लोकसंख्या १९५० च्या दशकानंतरच्या सर्वाधिक वेगाने वाढली होती, आणि लोकांनी सांगितलेल्या कारणांत घरांची टंचाई ठळक होती. दोन वर्षांत कॅनडातील माणसे अधिक संकुचित मनाची झाली, असे मला वाटत नाही. घरे मिळेनाशी झाली.

वेगासोबत राजकारणही पाहावे लागते. एखाद्या प्रश्नाविषयीचे मत ही एक गोष्ट आणि तो प्रश्न डोक्यात सतत घोळत राहणे ही दुसरी. जेम्स डेनिसन आणि अँड्र्यू गेडिस यांनी पश्चिम युरोपच्या अभ्यासातून दाखवले, की तेथे स्थलांतरविरोधी पक्षांची मते वाढत असताना लोकांची मूळ मते फारशी बिघडली नव्हती. तो प्रश्न लोकांच्या लेखी महत्त्वाचा झाला होता. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने उत्तर भारतीयांविरुद्ध केलेल्या आंदोलनानंतर नाशिक आणि पुणे भागातून उत्तर भारतीय कामगार मोठ्या संख्येने गावी परतले. आंदोलन पेटण्याआधीच्या महिन्याभरात त्यांच्या संख्येत काय फरक पडला होता? काहीच नाही. त्याआधी १९६० च्या दशकात ‘मार्मिक’ने मुंबईतील कार्यालयांमधल्या अमराठी नावांच्या याद्या छापल्या आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. तेव्हा कारकुनी नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, हे मी मान्य करते. पण ज्यांना अशा नोकरीची गरज नव्हती असेही असंख्य लोक त्या रागात सामील झाले, कारण मोठ्या लढ्यानंतर मिळालेल्या राज्याच्या राजधानीत आपणच मागे पडलो, ही भावना साऱ्या समाजाची होती. अशी भावना खोटी नसते आणि तिला क्षुद्र म्हणून झटकणाऱ्यांविषयी मला आदर वाटत नाही. मात्र ती कोणाकडे वळवली जाते, हे तिला शब्द देणारे ठरवतात.

एकत्र राहिल्याने मने जुळतात का, असेही पुष्कळजण विचारतात. रायन इनोस यांनी अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या गोऱ्या वस्तीच्या उपनगरांत एक प्रयोग केला. स्पॅनिश बोलणाऱ्या तरुणांच्या जोड्या रोज ठरलेल्या वेळी रेल्वे फलाटावर नुसत्या उभ्या राहत आणि इतरांसारख्याच गाडीत चढत. तीनच दिवसांत त्या गाडीच्या नेहमीच्या प्रवाशांची मते स्थलांतराविरुद्ध झुकली. दहा दिवसांनी हा परिणाम काहीसा ओसरलेला होता. नुसते दिसणे आणि ओळख होणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते पार व्हायला काळ लागतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना पिंपरीत छावणीत वसवले गेले. आज ‘पिंपरी कॅम्प’ म्हणजे परिसरातील लोकांची खरेदीची नेहमीची बाजारपेठ आहे, आणि तेथील दुकानदाराला उपरा समजणारा माणूस मला भेटलेला नाही. त्यांना स्थिरावायला जागा मिळाली, व्यवसाय करता आले आणि दोन पिढ्यांचा अवधी मिळाला. बांधकाम संपताच पुढच्या साइटवर हलवल्या जाणाऱ्या मजुराला यांतले काहीच मिळत नाही, त्यामुळे त्याचा नेहमी नुसता घोळका दिसतो.

येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. भारताच्या नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. परदेशी जाणाऱ्याला तसा हक्क नसतो आणि कोणाला येऊ द्यायचे ते यजमान देश ठरवू शकतो. म्हणून दोन्ही वादांचे कायदेशीर स्वरूप एकसारखे नाही. भावनांचे स्वरूप मात्र बरेच सारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले, तेव्हा कोथरूड-बाणेरच्या कित्येक घरांत रात्रभर फोन चालू होते. आपली मुले तेथे कर भरतात, नियम पाळतात, तरी त्यांच्याकडे संशयाने का पाहावे, हा त्या घरांतला प्रश्न अगदी रास्त होता. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या बिहारमधील कामगाराचे आईवडीलही तोच प्रश्न विचारतात.

आता आपला दुसरा प्रश्न. लोक स्थलांतरितांची संख्या फार फुगवून सांगतात, हे खरे आहे. अल्बेर्तो अलेसिना, आर्मांदो मियानो आणि स्टेफनी स्टँचेवा यांना फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका या सहाही देशांत हेच आढळले. शिवाय स्थलांतरित प्रत्यक्षात आहेत त्याहून गरीब आणि कमी शिकलेले आहेत, असाही लोकांचा समज होता. यावरून खरा आकडा सांगितला की मत बदलेल असे वाटणे साहजिक आहे. पण डॅनियल हॉपकिन्स, जॉन साइड्स आणि जॅक सिट्रिन यांनी नेमके तेच करून पाहिले. लोकांनी आकड्याविषयीचा अंदाज सुधारला आणि मत जवळजवळ जागच्या जागी ठेवले. याचे मला नवल वाटत नाही. ‘फार झाले’ असे म्हणणारा माणूस मोजणी करत नसतो. आपल्या परिसरावरचा आपला ताबा सुटत चालला आहे, असे तो सांगत असतो, आणि त्याला टक्केवारी सांगणे म्हणजे त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय.

काय उपयोगी पडते, याचा थोडा पुरावा आहे. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात कार्यकर्ते लोकांशी स्थलांतरितांविषयी बोलले. जिथे त्यांनी केवळ युक्तिवाद केले तिथे काहीच बदल झाला नाही. जिथे त्यांनी समोरच्याला दोष न देता त्याचे अनुभव ऐकून घेतले आणि स्वतःच्या ओळखीतल्या माणसांचे अनुभव सांगितले, तिथे मते थोडी पण खरोखर मवाळ झाली आणि तो बदल निदान चार महिने टिकला. आपल्याकडे मी याच्या जोडीला, किंबहुना याच्या आधी, महापालिकेच्या कामाला महत्त्व देईन. मजुरांसाठी परवडणारी भाड्याची घरे असावीत, त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेत मराठी शिकायला मिळावे, आणि समाविष्ट गावांत नळाला पाणी यावे. या तीन गोष्टी झाल्या तर पुण्यातील स्थलांतरविरोधाचा मोठा भाग आपोआप निवळेल असे मला वाटते. उरेल तो भाषेचा आणि राज्यातील मराठी माणसाच्या स्थानाचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्यावर शासनाच्या धोरणाशी भांडायला हवे. बांधकामावर विटा वाहणारा माणूस ते धोरण ठरवत नाही.