कॅरिबियनहून रात्रीच्या विमानाने परतताना प्रीमियम इकॉनॉमीला जादा पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं जोडपं, फेब्रुवारीत बार्बाडोस, येताना ब्रिजटाउन ते लंडन रात्रीचं विमान आणि पुढे लंडन ते मुंबई. प्रीमियम इकॉनॉमीत, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गात, झोप लागते का, आणि घ्यायचीच तर दोन्ही टप्प्यांना घ्यावी का?

एकाच टप्प्याला घ्या, जो रात्रीचा आहे त्याला. आणि त्यात जेवत बसू नका. उत्तर इथंच संपलं असतं, पण मी शाहूपुरीत तिकिटांचाच धंदा करतो आणि ‘प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे शुद्ध फसवणूक’ हे वाक्य मला प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. म्हणणारे आमचे दाजी. त्यांचा युक्तिवाद ठरलेला: मुंबई-कोल्हापूर स्लीपर कोचमध्ये एवढ्याशा पैशात आडवं होता येतं, आणि इथं एवढे पैसे मोजून माणूस बसूनच. ऐकणाऱ्याला पटतंच. पण दाजी प्रीमियम इकॉनॉमीत बसले त्या रात्री काय करत होते ते कुणी विचारत नाही.

दाजींनी सीट निवडली ती केबिनची पहिली रांग. ‘पुढं मोकळं आहे, पाय ताणता येतील.’ भिंतीलगतच्या रांगेत समोर सीट नसते, म्हणून स्क्रीन आणि जेवणाचा ट्रे दोन्ही हाताच्या दांड्यात बसवलेले असतात. त्यामुळे दांडा जाड होतो, वर उचलत नाही आणि बसायची जागा तेवढी आवळते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, म्हणजे चष्मा, गोळ्या, पाण्याची बाटली सगळं वरच्या कप्प्यात. शिवाय तान्ह्या बाळाचा पाळणा अडकवायची सोय त्याच भिंतीला असते, आणि बाळ रडायचं थांबावं म्हणून कुणी जादा पैसे भरलेले नसतात. त्यात दाजींनी विमान सुटल्यावर रम घेतली, पूर्ण जेवण केलं, दोन सिनेमे बघितले आणि दिवे लागायच्या तासभर आधी डोळे मिटले. सीटचा यात काय दोष?

आता मोजमाप. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१ इंच, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास. सीटची रुंदी इकॉनॉमीत साडेसतरा इंचांच्या आतबाहेर, इथं कंपनीनुसार साडेअठरा ते एकवीस. पाठ सात-आठ इंच मागे जाते. हे सात-आठ इंचच कळीचे आहेत. डोकं छातीवर पडायचं थांबतं, पण शरीर आडवं होत नाही. म्हणजे तुम्ही विकत घेताय ती जागा. झोप तुम्हालाच जमवावी लागते. तालमीतल्या खांद्यांना त्या एक-दोन इंचांची किंमत जास्त कळते, बारीक माणसाला कमी.

वेळेचा हिशेब बघा. जाताना लंडन–ब्रिजटाउनला पावणेनऊ-नऊ तास लागतात, येताना आठच्या आसपास, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला ढकलतात. ऐकायला बरं वाटतं, पण रात्र तेवढी लहान होते. उड्डाणानंतर तासाभराने जेवणाची गाडी निघते, ट्रे उचलून दिवे मंद होईपर्यंत दोन तास जातात. उतरायच्या दीड तास आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. उरले साडेचार तास. जादा रक्कम भागिले साडेचार, हा झोपेचा ताशी दर. तो परवडत असेल तरच पुढे वाचा. जेवण सोडलंत तर तेच साडेचार सहा होतात, आणि नाश्ताही नको म्हणालात तर त्याहून थोडे जास्त. म्हणून म्हणतो जेवू नका. पैसे सीटचे दिलेत, पनीरच्या चौकोनांचे नव्हे.

मग जेवायचं कुठं? जमिनीवर, आणि जवळच. ब्रिजटाउनचा ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळ क्राइस्ट चर्च परगण्यात आहे आणि ऑइस्टिन्सचा मासळीबाजारही त्याच परगण्यात. शुक्रवारी संध्याकाळी तिथं भाजलेल्या-तळलेल्या माशांची जत्राच भरते, पण इतर दिवशीही पोटभर मिळतं. आपल्या जिभेला सौम्य लागेल. तिथला मोहरी घातलेला पिवळा पेपर सॉस मात्र कोल्हापुरी माणसालाही पाणी मागायला लावतो. त्याची बाटली घेणार असाल तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. शाकाहारी असाल तर विमानातलं एशियन व्हेजिटेरियन जेवण किमान २४ तास आधी नोंदवा. खास जेवण सगळ्यांच्या आधी येतं हे खरं, पण ट्रे उचलतात तो सगळ्यांबरोबरच. तोवर मांडीवर ट्रे घेऊन जागायचं. त्यापेक्षा ट्रे घेऊच नका, एक बन आणि पाणी मागून घ्या.

चढायच्या आधीची तयारी सीटइतकीच महत्त्वाची. हॉटेलची खोली बाराच्या आत सोडावी लागते आणि विमान रात्री. मधल्या वेळेत लोक शेवटची डुबकी मारतात आणि अंगावर मीठ, वाळू, सनस्क्रीन घेऊन तसेच विमानात बसतात. कोरड्या हवेत ते अंग रात्रभर चावतं. खोली सोडल्यावर अंघोळीची सोय आहे का हे हॉटेलला आदल्या दिवशीच विचारा. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांसाठी एखादी मोकळी खोली ठेवलेली असते. पाठ भाजून घेऊ नका. फेब्रुवारीत तिथं ऊन सौम्य वाटतं कारण वारा असतो, पण भाजलेल्या खांद्याला सीटचं कापड लागलं की प्रीमियम काय आणि राजसिंहासन काय.

आणि डायव्हिंग. कार्लाइल बेमध्ये बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग करतात, अनेकांना ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायची हौस असते. करू नका. एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डुबक्या किंवा सलग काही दिवस असतील तर किमान १८ तास जायला हवेत. सरळ २४ धरा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो, सांधे धरण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. पाण्यावर तरंगत कासवं बघण्याला, म्हणजे स्नॉर्केलिंगला, ही अट नाही.

विमानात बसल्यावर क्रम असा ठेवा. आधी दात घासून या, मग मोजे आणि जाकीट, कारण रात्री केबिन गार पडते. बारकी बॅग पायाखाली आडवी ठेवून टाचा तिच्यावर टेका. काही सीटांना पोटरीखालची फळी असते, पण बुटक्या माणसाला ती गुडघ्यामागे रुतते. मग ती बंद ठेवून फक्त बॅग वापरा. पट्टा पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर विमान हललं की पट्टा बघायला क्रू तुम्हाला उठवणार. मानेची उशी मागे घालायची पद्धत चुकीची आहे. मागे सीट आहेच. उशीचा जाड भाग हनुवटीखाली किंवा ज्या बाजूला मान कलते त्या बाजूला घ्या. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. क्रूला आधीच सांगा, नाश्त्याला उठवू नका. रम घेऊ नका. तिने डोळा लागतो पण दोन-अडीच तासांत उघडतो आणि मग घसा कोरडा, लघवीला सारखं उठणं. पायाला सूज येत असेल, शिरांचा त्रास किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर पायमोजे कुठले घालायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता लंडन–मुंबई. सकाळी लंडनला उतरून दिवसाचं विमान पकडणार असाल तर तो टप्पा इकॉनॉमीत करा. नऊ तास आहेत, पण झोप तुकड्यातुकड्यांत येते, दोनदा खायला देतात, खिडक्यांतून ऊन येतं. तिथं जादा पैसे ओतण्यात अर्थ नाही. दिवसभर लंडनमध्ये काढून रात्रीचं विमान असेल तर ती सलग दुसरी रात्र बसून काढणं होतं. मग हिशेब उलटा, दुसऱ्या टप्प्याला प्रीमियम घ्या. जाताना मात्र कुठंच घेऊ नका. लंडन–ब्रिजटाउन दिवसाढवळ्याचं विमान, उतरल्यावर समोर समुद्र, थकवा आपोआप जातो. कंपन्या जाता-येता वेगवेगळ्या वर्गाचं एकच तिकीट देतात, मागावं लागतं इतकंच. लंडनला २४ तासांपेक्षा जास्त थांबलात तर तिथून निघताना ब्रिटनचा विमान प्रवासी कर लागतो, आणि प्रीमियम वर्गाला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. २४ तासांच्या आत पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल तर लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो व्हिसाचा. बार्बाडोसला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लंडनला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. वैध अमेरिकन किंवा कॅनेडियन व्हिसा असेल तर सवलत मिळू शकते. त्यात कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकला उतरतात आणि मुंबईची हीथ्रोहून सुटतात. मग इमिग्रेशन, बॅगा उचलणं, तासा-दीड तासाची बस, पुन्हा चेक-इन, आणि बाहेर पडायचं म्हणून व्हिसाही वेगळा. तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा, नुसतं ‘लंडन’ नको. शक्य असेल तर हीथ्रो ते हीथ्रोच घ्या.

प्रीमियमचं सामान साधारण २३ किलोच्या दोन बॅगा असतं, म्हणजे ४६ किलो. ऐकून माणूस खूश होतो आणि रम भरतो. मुंबईहून कोल्हापूरचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर तिथं साधारण १५ किलोच. उरलेल्या किलोंचे पैसे मुंबईत मोजावे लागतात आणि उजळाईवाडीला उतरेपर्यंत तोंड कडू होतं. दोन बॅगा भरायच्या असतील तर महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा गाडी. दारू भारतात दोन लिटरपर्यंत करमुक्त. बाटल्या ब्रिजटाउन गावातून घ्या आणि कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, कारण ड्युटी-फ्रीची बाटली लंडनच्या तपासणीत अडकू शकते. बार्बाडोसचे डॉलरही तिथंच संपवा. दोन डॉलरला एक अमेरिकन डॉलर असा दर १९७५ पासून बांधलेला आहे, पण इकडे ते बदलून द्यायला कुणी तयार नसतं.

विमान मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरत असेल तर तिथूनच गाडीने निघू नका. घरून बोलावलेला ड्रायव्हर सात-आठ तास गाडी हाणून आलेला असतो आणि तोच परत खंबाटकी घाट चढणार. विमानतळाजवळ चार-पाच तास झोपा, सकाळी निघा. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग एवढे पैसे वाचवून उपयोग काय! उपयोग हाच, की इकॉनॉमीत केलेल्या टप्प्याच्या बचतीतून ही खोली सहज निघते.

काही अपवाद सांगायचे राहिले. तुम्ही दोघंही साडेपाच फुटांच्या आतले असाल आणि बसमध्ये बसल्या-बसल्या झोपणारे असाल तर इकॉनॉमीच घ्या, फरक फार जाणवणार नाही. लाउंज प्रीमियम इकॉनॉमीत धरलेलं नसतं, चेक-इनची वेगळी रांग तेवढी मिळते. आणि तारीख बदलून स्वस्तात जाण्याचा विचार असेल तर लक्षात ठेवा, १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. २९ जून २०२४ ला आपण ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि बेरील वादळामुळे विमानतळ बंद पडून खुद्द भारतीय संघ तिथं अडकला. खास विमान पाठवावं लागलं. तुमच्या-माझ्यासाठी कोण पाठवणार?

सीट कुठली हे मात्र पैसे भरण्याआधी बघा. मांडणी २-४-२ किंवा २-३-२ असते; जोडप्याने खिडकीकडची दोनची जोडी घ्यावी, म्हणजे उठताना परक्याला उठवावं लागत नाही. पहिली रांग नको, का ते दाजींच्या कथेत आलंय. शेवटची रांगही नको, काही विमानांत तिची पाठ कमी मागे जाते आणि पडद्यापलीकडच्या खाटखुटीचा त्रास. मधल्या रांगांतली जोडी शिल्लक नसेल आणि कंपनी सीट निवडीचे वेगळे पैसे मागत असेल तर आत्ता भरू नका. चेक-इन सहसा २४ तास आधी उघडतं, तेव्हा त्याच मिनिटाला बसा. तुम्ही बार्बाडोसमध्येच असाल, तर घड्याळ तिथलं बघा, कोल्हापूरचं नाही. साडेनऊ तासांचा फरक आहे.